भाद्रपद येण्याआधी: कुंपणाखालून पळणारा कुत्रा कसा थांबवायचा

मुंबईत कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न पडतच नाही. सातव्या मजल्यावरचा लॅब्राडॉर फार तर सोफा उकरेल. पण गोराई, मनोरी, मढकडच्या वाड्या, आरेतले पाडे, चेंबूरचे उरलेसुरले बंगले, मुलुंड-भांडुपला डोंगराच्या कडेची बैठी घरं, गावठाणातली अंगणं आणि तळमजल्याच्या फ्लॅटला चिमूटभर बाग मिळालेली नशीबवान मंडळी यांच्याकडे कधी ना कधी अशी सकाळ उजाडते की अंगणात कुत्रा नाही आणि कुंपणाच्या बुडाशी ताज्या मातीचा ढीग पडलेला आहे.

यावर पहिला उपाय सगळे एकच करतात. त्या भोकात दगड कोंबतात. दुसऱ्या दिवशी कुत्रा दगडाच्या शेजारी उकरतो. दुसरा उपाय साखळी, तिच्याबद्दल पुढे येईलच. तिसरा म्हणजे गवंडी बोलावून कुंपणाखाली दोन-तीन फूट खोल भिंत उतरवणं. ती टिकते, पण खर्च दणदणीत, आणि बहुतेक घरांना तिची गरज नसते. कारण कुत्रा उकरतो ते नेमकं कुंपणाच्या पायथ्याशी, नाक जाळीला लावून. दोन फूट मागे सरकावं आणि तिथून बोगदा काढावा असा हिशेब तो सहसा करत नाही. म्हणून जमिनीत खोल जाण्यापेक्षा जमिनीवर आडवं जाणं स्वस्त पडतं आणि कामही चोख होतं.

हे सगळं मे महिन्यात उरकायचं. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मेमध्ये कुदळीलाही दाद न देणारी जमीन जुलैत नुसत्या पंजाने निघते. आणि पाठोपाठ येतो भाद्रपद. आपल्याकडे कुत्र्यांचा महिना म्हणून त्याची ख्याती आहे ती उगाच नाही. रस्त्यावरच्या कुत्र्या पावसाळ्याच्या शेवटी मोठ्या संख्येने माजावर येतात, त्याच सुमारास गणपतीचे ढोल-ताशे आणि फटाके सुरू होतात, आणि माती ओलीच असते. पळायची ओढ, पळायची भीती आणि पळायची सोय, तिन्ही एकाच महिन्यात. वैशाखात हलवलेला हात तेव्हा कामी येतो.

आधी खड्डा वाचा

जाळी आणायला धावण्याआधी एक-दोन दिवस नुसतं बघा. खड्डा कुठे आहे, कधी पडतो आणि कोण घरात नसताना पडतो, या तीन गोष्टींवरून कारण बहुधा कळतं.

खड्डा कुंपणापासून लांब, झाडाखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीत, उथळ आणि अंगाएवढा रुंद असेल, तर त्याला पळायचं नाहीच. त्याला गार जागा हवी आहे. हस्की, सेंट बर्नार्ड, दाट केसांचा जर्मन शेफर्ड मुंबईच्या मे किंवा ऑक्टोबरमध्ये हेच करणार. अशा कुत्र्याला दुपारी घरात पंख्याखाली घ्या, विषय संपला.

एकाच रेषेत चार-पाच छोटे खड्डे, नाकाने हुंगत हुंगत केलेले, बहुतेक गटाराच्या किंवा कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने असले, तर तो घुशीमागे आहे. याला मुंबईत स्वतंत्र प्रकरण लागतं, ते पुढे आहे.

एकच खड्डा, खोल, कुंपणाला चिकटून, आणि तो बाहेरच्या विशिष्ट दिशेला असला, तर तिकडे काहीतरी आहे. माजावर आलेली कुत्री असेल, कोपऱ्यावरचा अंडा-भुर्जीवाला असेल, रोज जिथे फिरायला नेता ती गल्ली असेल. फाटकाजवळ उकरत असेल आणि तुम्ही बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात सुरुवात करत असेल, तर एकटं राहण्याची धास्ती. त्याच्या जोडीला दाराच्या चौकटीवर ओरखडे, लाळेने भिजलेली छाती आणि शेजाऱ्यांची भुंकण्याची तक्रार असतेच.

कुठल्याही क्रमाशिवाय जागोजागी खणलेलं अंगण, आणि खणून झाल्यावर तोंडावर एक निर्मळ आनंद: हा कंटाळा आहे. डॅशहुंड आणि टेरियर यांची पैदासच बिळात घुसून शिकार काढण्यासाठी झाली. त्यांना उकरू नकोस म्हणणं व्यर्थ आहे. त्यांना कुठे उकरायचं एवढंच शिकवता येतं.

आज रात्रीपुरतं

पक्कं काम होईपर्यंत कुत्रा अंगणात एकटा सोडायचा नाही. हा नियम जाचक वाटतो, पण दर वेळी तो बाहेर पडला की पलीकडची मजा त्याला पगारासारखी मिळते आणि सवय घट्ट होते. लघवीला सोडायचं तरी पट्टा लावून, बरोबर उभं राहून.

खड्डा बुजवताना नुसती माती टाकू नका. खाली डबर म्हणजे फुटक्या विटा-दगड, वर खडी, मग माती, आणि पहारीच्या बुडाने ठोकून घ्या. त्यावर एक शहाबादी लादी किंवा दोन पेव्हर ब्लॉक टाकले की ती जागा निदान आठवडाभर सांभाळते. लगेच अख्ख्या कुंपणाच्या कडेने एक फेरी मारा, हातात खडू किंवा चुना घेऊन. जिथे तुमची मूठ खालून सहज जाते तिथे खूण. जिथे जाळी खालून हाताने उचलली जाते तिथे खूण. आणि कुंपणाला टेकून ठेवलेली कुंडी, जुनं पिंप, लाकडाचा ढीग हेही पाहून ठेवा. खालची वाट बंद झाली की हुशार कुत्रा वरच्या वाटेचा विचार करतो.

आता साखळी. कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हेही त्याच कलमात येतं. कायदा बाजूला ठेवला तरी बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि सुटला की दुप्पट जोराने पळतो. अर्धा तास पाहुणे आहेत म्हणून बांधला तर कोणी काही म्हणणार नाही. कुंपणाची दुरुस्ती नको म्हणून बांधणं वेगळं.

जाळी: उभी नव्हे, आडवी

कल्पना सोपी आहे. जाळीची एक लांब पट्टी लांबीच्या दिशेने काटकोनात वाकवायची. एक बाजू कुंपणाला उभी बांधायची, दुसरी आतल्या बाजूला जमिनीवर आडवी पसरायची. कुत्रा कुंपणाशी येऊन उकरायला लागतो आणि पंजाखाली जाळी लागते. तो जिथे उभा आहे तीच जमीन जाळीखाली आहे. काही दिवस इकडेतिकडे प्रयत्न करतो आणि नाद सोडतो.

सामान काय घ्यायचं ते नीट ठरवा, कारण इथेच पैसे वाया जातात. षटकोनी भोकांची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी नको. ती स्वस्त असते, पण तगडा कुत्रा दातांनी फाडतो आणि फाटलेल्या तारा पंजात घुसतात. चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंतवून विणलेली जाळी, आडवी पसरली तर लवते, कडेने वर येते. हवी ती वेल्डमेश, म्हणजे जोडावर वेल्ड केलेली चौकोनी जाळी. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ गेज म्हणजे साधारण २.६, १४ गेज म्हणजे दोन. मोठ्या कुत्र्याला १० किंवा १२, पामेरियनसारख्या छोट्याला १४ पुरे. चौकोन मोठ्या कुत्र्यासाठी दोन इंची चालतो. पिल्लू किंवा छोटी जात असेल तर एक इंची घ्या, नाहीतर पंजा अडकतो.

रोल चार फूट रुंदीचा मिळाला तर उत्तम: दीड फूट उभी, अडीच फूट आडवी. तीन फुटी असेल तर एक फूट उभी आणि दोन फूट आडवी. दोन फुटांहून कमी आडवी ठेवू नका. साठ फूट कुंपण असेल तर जोडावरच्या पदरासकट पासष्ट फूट जाळी धरा. बरोबर बाइंडिंग वायर, पक्कड, तार कापायची कात्री, जाड हातमोजे आणि ८ मिलिमीटरच्या सळईचे इंग्रजी यू आकाराचे आकडे. हे आकडे जवळच्या फॅब्रिकेटरकडून वाकवून घ्या. पाय फूटभर लांब हवेत. दर दोन फुटाला एक लागतो, शिवाय कोपऱ्यांना जास्त. गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे जाड वेल्डमेश नसेल तर मस्जिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मिळते. तिथे भाव विचारताना फुटाचा की किलोचा हे आधी विचारा, दोन्ही चालतात आणि तुलना करताना घोळ होतो.

काम सुरू करण्याआधी जमिनीखाली काय आहे ते विचारून घ्या. पाण्याची लाइन, महानगर गॅसची लाइन, विजेची केबल. फूटभर लांब सळई घणाने ठोकताना केबलला लागली तर पुढचं सांगायला नको. सोसायटीची जागा असेल तर कमिटीची लेखी परवानगी घ्या. भिंत सामाईक असेल तर शेजारच्यालाही सांगून ठेवा.

आधी कुंपणाच्या आतून अडीच फूट पट्ट्यातलं गवत, पालापाचोळा, दगड साफ करा. मोठे उंचवटे फावड्याने सपाट करा. जाळी जमिनीवर उलगडली की ती पुन्हा गुंडाळी होऊ पाहते, म्हणून कडेला विटा ठेवा आणि तास-दोन तास उन्हात तशीच राहू द्या. वाकवण्यासाठी सरळ फळी लागते: फळी जाळीवर ठेवायची, एकाने तिच्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने कड उचलत न्यायची. एकट्याने हे काम होत नाही. नाक्यावरून एक हाताखालचा माणूस आणा, दुपारपर्यंत संपतं.

उभी बाजू कुंपणाला दर सहा इंचांवर बाइंडिंग वायरने आवळा. वायरची टोकं पिळून बाहेरच्या बाजूला वळवा, आत राहिली तर कुत्र्याच्या डोळ्याला लागतात. कुंपण विटांच्या भिंतीचं असेल तर उभी बाजू चार-सहा इंच ठेवली तरी चालते. ती वॉशर आणि स्क्रूने भिंतीला बसवा. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे सहा इंच पदर एकमेकांवर घ्या आणि तो घट्ट शिवा. बहुतेक कुत्रे याच सांध्यातून निसटतात. मग आडवी बाजू आकड्यांनी जमिनीत ठोका. सगळ्यात महत्त्वाची ती आतली मोकळी कड. ती वर उचललेली राहिली तर कुत्रा तिच्याखाली नाक घालेल आणि मुलांच्या पायाला तार लागेल. कडेची शेवटची दोन इंच जाळी खाली वळवून मातीत दाबा.

वरून दोन इंच माती टाका आणि हरळी लावून टाका. पहिल्या दोन पावसांत तिची मुळं चौकोनांत गुंततात, आणि मग ती जाळी उपटायला तुम्हालाच पहार लागेल. हरळी रुजेपर्यंत वर सहा-आठ फुटांवर एकेक जड दगड ठेवा.

झाडाजवळ आलात की मुळं तोडू नका. जाळी कापून बुंध्याभोवती सैल वळवा आणि मधल्या फटीत गोटे भरा. बुंध्याला तार आवळून बांधली तर झाड वाढताना ती सालीत रुतते.

जमीन पाहून बदल

मनोरी-गोराईच्या वाळूत आकडे धरत नाहीत. तिथे पाय दोन फूट लांब करून घ्या किंवा आकड्यांऐवजी जाळीवर जांभ्याच्या चिऱ्यांची रांग लावा. समुद्राजवळ दुसरा शत्रू खारा वारा. साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी तिथे काही वर्षांत गंजून भुगा होते. पीव्हीसीचा थर असलेली घ्या आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला जस्ताचा रंग लावा, कारण गंज तिथूनच शिरतो.

मुलुंड, भांडुपच्या चढावर उलट परिस्थिती: अर्धा फूट मुरूम, खाली काळा पाषाण. तिथे कुत्राही खोल जाऊ शकत नाही. जाईल तो फक्त तिथे, जिथे कधीतरी पाइप टाकायला चर खणून पुन्हा माती भरली होती. तेवढा तुकडा शोधा आणि त्यावर एक फूट रुंद, तीन-चार इंच जाड काँक्रीटची पट्टी घाला. सिमेंट एक, वाळू तीन, खडी सहा हे प्रमाण पुरे. सात दिवस पाणी मारायचं आणि ओल्या काँक्रीटवर कुत्र्याला अजिबात जाऊ द्यायचं नाही. सिमेंटने पंजे भाजतात, मग तो ते चाटतो आणि तोंड भाजतं.

भरावाच्या जमिनीत, म्हणजे जिथे खाडी किंवा दलदल बुजवून घरं उभी राहिली तिथे, जमीन दर पावसाळ्यात खचते. भिंत तडकते आणि तिच्याखाली नवी फट पडते. तिथे लवचीक जाळीच बरी. तिच्यावर दर मेमध्ये नवी माती टाकावी लागेल, एवढंच.

खोल भिंत मी फक्त एकाच परिस्थितीत सुचवेन: बाहेरचे कुत्रे बाहेरून उकरून आत येतात आणि बाहेरची जागा तुमची नाही, त्यामुळे तिथे जाळी पसरता येत नाही. मग कुंपणाच्या रेषेत दीड फूट चर खणून त्यात काँक्रीट भरा किंवा कडप्प्याच्या पाट्या उभ्या गाडा. त्यात पावसाच्या पाण्याला वाट ठेवायला गवंड्याला बजावून सांगा, चार इंची पाइपाचे तुकडे, तोंडाला लोखंडी जाळी लावून. नाहीतर कुत्रा आत राहील आणि २६ जुलै २००५सारख्या पावसात पाणीही आतच राहील.

फाटक

इतकं करून लोक फाटक विसरतात. लोखंडी फाटकाखाली गाडीच्या सोयीसाठी चार-पाच इंच फट असते आणि खाली माती. कुत्र्याने ती दोन इंच उकरली की झालं. तिथे जाळी चालणार नाही, चाकांनी तुटते. फाटकाच्या रेषेत काँक्रीटचा उंबरा घाला, एक फूट रुंद, जमिनीच्या पातळीत, आणि फाटकाच्या खालच्या चौकटीला वेल्डरकडून आणखी एक आडवी पट्टी मारून घ्या. फट दोन इंचांवर आली पाहिजे.

कंपाउंडमधून बाहेर जाणाऱ्या गटाराचं तोंडही पाहा. त्याला बिजागरीची जाळी लावा, कायमची नको. पावसात तिच्यावर प्लास्टिक आणि पानं साचतात, ती उघडून काढता यायला हवीत.

घूस

जाळी घातली, फाटक झालं, तरी उकरणं थांबत नाही, असं मुंबईत अनेकांचं होतं. त्याला कारण बहुतेकदा घूस. ती भिंतीच्या बुडाशी बीळ करते, तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढिगारा टाकते, आणि अर्धं खोदकाम कुत्र्याला फुकट करून देते. बीळ आहे तोवर कुठलंही शिक्षण व्यर्थ आहे. कुत्र्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

अंगणात विषारी वड्या टाकू नका. त्या कुत्रा खाऊ शकतो, किंवा वडी खाऊन मरायला टेकलेली घूस खाऊ शकतो. काही विषांनी रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि लक्षणं दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे संबंध लक्षातही येत नाही. शेजाऱ्याने औषध टाकलं असेल तर त्याचं पाकीट मागून घ्या, डॉक्टरांना नाव दाखवावं लागतं. तुम्ही पिंजरा लावा, बिळात खडी भरून तोंड सिमेंटने लिंपा, आणि मुख्य म्हणजे तिचं जेवण बंद करा: उघडा कचरा, पक्ष्यांना टाकलेले दाणे, रात्रभर भरून राहिलेलं कुत्र्याचं ताट. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या कीटकनाशक विभागाकडे तक्रार करता येते. आजूबाजूच्या चार घरांनी मिळून केली तर अधिक बरं, कारण घूस तुमच्या कंपाउंडची हद्द पाळत नाही.

काच कुटून बिळात भरायची जुनी पद्धत आहे. कुत्रा असलेल्या घरात ती बाद.

घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. पावसाळ्याआधी त्याची लस दिली आहे का हे डॉक्टरांना विचारा. ती दरवर्षी द्यावी लागते. ओल्या खड्ड्यात तोंड घालणारा कुत्रा जेवण सोडून पडून राहिला, उलट्या करू लागला, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर थांबू नका. तोवर त्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला.

ओढ आणि भीती

नसबंदी न केलेला नर माजावर आलेल्या कुत्रीच्या वासाने खाणं सोडतो, रात्रभर रडतो आणि तीन आठवडे कुंपणाची परीक्षा घेतो. कुत्रीचा माज साधारण तेवढाच चालतो. पैदास करायची नसेल तर नसबंदी करून घ्या. कोणत्या वयात, हे जातीवर आणि आकारावर ठरतं, मोठ्या जातींना डॉक्टर थोडं थांबायला सांगतात. शस्त्रक्रियेनंतर लगेच फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, काही आठवडे जातात. जुनी सवय असेल तर ती त्यानंतरही उरते. म्हणून नसबंदी आणि जाळी, दोन्ही. घरात कुत्री असेल तर माजाच्या काळात ती अंगणात एकटी नकोच. आतली जाळी तिला अडवेल, बाहेरून येणाऱ्याला नाही.

गणपती आणि दिवाळीत गोष्ट वेगळी. घाबरलेला कुत्रा उकरताना नखं तुटली तरी थांबत नाही, जाळीला दात लावून दात मोडून घेतो. त्याला अडवण्याचा उपाय अंगणात नाही, घरात आहे. मिरवणूक जाणार त्या संध्याकाळी त्याला लवकर फिरवून आणा, आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, आणि कोणीतरी बरोबर बसा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. फार घाबरणाऱ्याला औषधं असतात, पण ती महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायची. घरातली माणसांची झोपेची गोळी देऊ नका.

त्याचा दिवस

जाळी त्याला आत ठेवेल. आत तो काय करेल, हेही बघायला हवं. सकाळी ऊन चढण्याआधी एक मोठी फेरी, संध्याकाळी दुसरी. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. फेरीत त्याला हुंगू द्या, ओढून नेऊ नका. वीस मिनिटं मनसोक्त हुंगलेला कुत्रा तासभर ओढत चाललेल्या कुत्र्याहून जास्त दमतो.

जेवण ताटात देण्याऐवजी थोडं जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, थोडं अंगणात गवतात उधळून द्या. शोधू दे.

उकरणाऱ्या जातीला स्वतःचा खड्डा द्या. सावलीत चार बाय सहा फूट जागा, दोन फूट खोल, कडेला विटा, आत वाळू आणि माती निम्मी निम्मी. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत खेळणं आणि गाजराचे तुकडे वरवर पुरा. सापडलं की शाबासकी. मग रोज थोडं खोल. कुंपणाशी उकरताना दिसला तर ओरडायचं नाही, हाक मारून या खड्ड्यावर आणायचं. पावसाळ्यात वर ताडपत्री हवी, नाहीतर तिथे चिखलाचं तळं होतं आणि डास. रात्री झाकणं चुकवू नका, मांजरी त्याचा शौचालय म्हणून उपयोग करतात.

मिरची पूड, फिनाइल, डांबरगोळ्या हे घरोघरी सांगितले जाणारे उपाय. मिरचीने डोळे आणि नाक सोलून निघतं, फिनाइल पंजांवरून पोटात जातं, डांबरगोळी विषारी आहे. पहिल्या सरीत सगळं वाहून जातं ते वेगळंच. काटेरी तार जमिनीलगत लावू नका. आणि कुंपणात घरची वीज सोडण्याचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर त्याने तो तिथेच सोडावा. त्यात माणसं मरतात आणि जबाबदारी घरमालकावर येते.

तरीही निसटलाच तर

पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला आजच घाला. मायक्रोचिप बसवून घेतली आणि नंबर नोंदवला असेल तर पट्टा तुटला तरी ओळख पटते. पालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा कागद यांचे फोटो फोनमध्ये ठेवा, कुत्रा कोणाला सापडला तर तो तुमचाच हे दाखवायला उपयोगी पडतात.

तो समोर दिसत असेल तर मागे धावू नका. धावणं त्याला खेळ वाटतो आणि पुढे रस्ता असतो. उलट दिशेला वळा, नाव घेऊन हाक मारा, खाली बसा, पिशवीचा किंवा डब्याचा ओळखीचा आवाज करा. दिसत नसेल तर आधी रोजच्या फेरीचा रस्ता, मग खाण्याच्या गाड्या, मासळी बाजार. दुसऱ्या माणसाला घरी थांबवा, फाटक उघडं ठेवून. बरेच कुत्रे ज्या भोकातून गेले त्याच भोकातून परत येतात, म्हणून तो येईपर्यंत ते बुजवू नका. वॉचमन, इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या बायका: यांना फोटो पाठवा. त्यांना त्या भागातला नवा चेहरा लगेच कळतो. रुळांजवळ राहत असाल तर स्टेशन मास्तरांनाही सांगा.

आरे, भांडुप, मुलुंड, येऊरकडचे असाल तर अंधार पडण्याआधी शोध सुरू करा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. रात्री मात्र एकट्याने झाडीत शिरू नका. दोघे-तिघे, बॅटरी, मोठ्याने बोलत.

परत आला की रागावू नका, त्याला वाटेल परत येण्याची शिक्षा मिळाली. पाणी द्या, मग अंग तपासा. पंजांत काच, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड, मानेवर आणि मागच्या पायांवर चाव्याच्या खुणा. दुसऱ्या हद्दीत शिरलेल्या पाळीव कुत्र्याला तिथली टोळी सहसा सोडत नाही. चावा दिसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हातमोजे घालून, आणि रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जवळचा दवाखाना बंद असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचंही मोठं रुग्णालय सुरू झालं आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा.

दवाखान्यातून आल्यावर त्याला घरात ठेवा आणि टॉर्च घेऊन भोकापाशी जा. जाळीचा सांधा सुटला का, आकडा वर आला का, की पावसाने खालची माती वाहून गेली, ते पाहा. ती जागा दुरुस्त होईपर्यंत पट्टा लावूनच बाहेर.